मातीच्या भांड्यातील ठेव : रेव्हरंड नारायण वामन टिळक

टिळक म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लोकमान्यांची मूर्ती उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच पिढीत, त्याच कोकणच्या मातीतून आणखी एक टिळक निपजले. त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आमच्या आणि आमच्या आधीच्या पिढीने शाळेत पाठ केली. जखमी पक्षिणीची ती कहाणी म्हणताना ज्याचा गळा दाटला नाही असा विद्यार्थी विरळा. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले, आणि नावामागे ‘रेव्हरंड’ लावून लोकमान्यांपासून वेगळे केले. घरापासून शेकडो मैलांवर वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या क्रमिक पुस्तकांत ही कविता नाही. तेव्हा निदान आपल्या मंडळाच्या ह्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तरी ह्या दुसऱ्या टिळकांची ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

मात्र थोरांची चरित्रे ज्या पद्धतीने सामान्यतः सांगितली जातात, त्या पद्धतीने हे चरित्र सांगता येत नाही. कारण ह्या माणसाचे दोष झाकण्याची सोयच त्याच्या पत्नीने ठेवलेली नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि मराठी गद्याचे ते भूषण ठरले. त्यात टिळक जसे होते तसे दिसतात : प्रेमळ, उदार, प्रतिभावान, आणि तितकेच शीघ्रकोपी, लहरी, संसाराला निरुपयोगी. ज्या धर्माचा त्यांनी स्वीकार केला त्या धर्माची श्रद्धा अशी की, देव आपले कार्य करण्यासाठी निर्दोष माणसांची वाट पाहत नाही. ही श्रद्धा पारखून पाहण्यास टिळकांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण निदान मराठीत तरी आमच्या पाहण्यात नाही.

नारायणरावांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी दापोलीजवळ करजगाव येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. वडील वामनराव सरकारी नोकर आणि स्वभावाने अतिशय कडक. मुलाच्या वाट्याला त्यांची माया फारशी आली नाही. काव्याची आणि भक्तीची गोडी लागली ती आई जानकीबाईंकडून. बालपणीची काही वर्षे कल्याणास गेली. पुढे आईचे छत्र हरपले आणि अकराबारा वर्षांच्या ह्या पोराने घर सोडले. तो नाशिकला पोहोचला. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्याचे संस्कृताचे अध्ययन झाले, थोडे इंग्रजीही झाले. पण कोणतीही गोष्ट शेवटास नेण्यापूर्वी दुसरीकडे धाव घ्यायची, ही खोड तेव्हापासूनची. ती अखेरपर्यंत सुटली नाही.

1880 साली त्यांचे लग्न झाले. वधू नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय अकराच्या सुमारास. सासरी त्या लक्ष्मी झाल्या. माहेरी सोवळ्याओवळ्याचे स्तोम इतके, की वडिलांच्या शिवाशिवीपायी घरातील माणसांना जगणे नकोसे व्हावे. शाळेचे तोंड ह्या मुलीने पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांच्याच आग्रहाने आणि तीही त्यांच्या लहरीप्रमाणे. गुरुजींची लहर ओसरली की पाटी कोपऱ्यात पडे. पुढे मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिणाऱ्या स्त्रीचे शिक्षण ते एवढेच.

संसार कसला, सारी भटकंतीच. कधी शिक्षक, कधी भिक्षुकी, कधी छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम. गाव बदलावे, नोकरी सोडावी, पत्नीला माहेरी ठेवावे आणि पत्ता न देता निघून जावे, असा क्रम चालला होता. हाती पैसा आला की वाटेत भेटलेल्या पहिल्या गरजूच्या पदरात पडे, किंवा एखाद्या मनात भरलेल्या निरुपयोगी वस्तूवर खर्च होई. घरी चुलीवर काय ठेवायचे हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. औदार्याची अशी वर्णने ऐकताना आपण कौतुकाने हसतो. पण त्या औदार्याची किंमत दुसरेच कोणी मोजीत होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे नागपूरला बुटी ह्या धनिक घराण्याचा आश्रय लाभला. तेथे वैदिक वाङ्मयाचे संकलन, ‘ऋषी’ नावाच्या मासिकाचे संपादन अशी मनाजोगती कामे मिळाली. ह्या सुमारास टिळकांच्या मनात धर्मविचारांचे काहूर माजले होते. जातिभेद त्यांना असह्य झाला होता. हिंदुस्थानाला नवा धर्मविचार हवा, आणि तो आपणच शोधून काढू, अशी त्यांची उमेद होती. हाच तरुण 1893 साली नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगावास निघाला. राजनांदगाव हे तेव्हा बैरागी राजांचे छोटेसे संस्थान, 2000 सालापासून छत्तीसगड राज्यात मोडणारे. आपल्यापैकी अनेक जण ज्या वाटेने दर उन्हाळ्यात गावी जातात, त्याच हावड्याच्या लोहमार्गावरील ही गोष्ट.

डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी ह्या मराठी प्रवाशाला आदराने जागा करून दिली. संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले आणि धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत दिली. हे पुस्तक वाचलेत तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही ते सांगून गेले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. परंतु वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून त्यांनी पुस्तक उघडले. शत्रूवरही प्रीती करण्यास सांगणाऱ्या डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांना पुस्तक खाली ठेववेना. त्या गृहस्थांचे नावही टिळकांनी विचारले नव्हते. पुन्हा कधी त्यांची भेट झाली नाही. ते फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड होते, असे पुढे अभ्यासकांनी म्हटले आहे. आम्हांला ह्या प्रसंगात भाकितापेक्षा मोलाची वाटते ती डब्यात करून दिलेली जागा. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा माणूस आणि एतद्देशीय प्रवासी एका डब्यात बसले, तर काय अनुभव येई, हे त्या काळच्या लोकांना सांगावयास नको होते. एका साध्या सौजन्यामुळे पुढील संभाषण शक्य झाले.

येथे ख्रिस्ती श्रद्धेविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी बायबल उघडले नसेल. त्या ग्रंथातील थोर माणसे ही चमत्कारिक थोर आहेत. याकोबाने भावाला फसवून वडिलांचा आशीर्वाद मिळविला. मोशे जिभेने जड होता आणि देवाने बोलाविले तेव्हा त्याने सबबी सांगितल्या. दावीद राजाने दुसऱ्याची पत्नी घेतली आणि तिच्या नवऱ्याला युद्धात मरणाच्या तोंडी दिले. येशूचा पट्टशिष्य पेत्र कोळी होता. गुरूला पकडून नेले त्या रात्री त्याने तीन वेळा गुरूची ओळख नाकारली. आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकी होतो तो पुरा होतो. वाल्मीकीमध्ये मागील वाल्या पुन्हा डोके वर काढीत नाही. बायबलातील माणसांचे तसे नाही. तोच पेत्र मंडळीचा पुढारी झाल्यावरही अंत्युखियास परजातीयांच्या पंक्तीला बसत असता, यरुशलेमची मंडळी आलेली पाहून लोकलज्जेने पंक्तीतून उठला, आणि पौलाने त्याला चारचौघांत खडसावले. पंक्तिभेदाचे हे प्रकरण आम्हां मराठी वाचकांना काही परके वाटणार नाही. पौलाने ह्याचे वर्णन एका दृष्टान्ताने केले आहे : ठेव मोलाची, पण ठेवली आहे मातीच्या भांड्यात, म्हणजे सामर्थ्य भांड्याचे नव्हे हे सर्वांना कळावे.

टिळकांचे भांडे मातीचेच होते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विधी परदेशी मिशनऱ्याच्या हातून न करविता रेव्हरंड तुकाराम नथूजी ह्या देशी धर्मगुरूंच्या हातून करविला, ह्यात त्यांचा स्वाभिमान दिसतो. परंतु हे पाऊल उचलण्यापूर्वी त्यांनी पत्नीला विश्वासात घेतले नाही. बातमी लक्ष्मीबाईंना माहेरच्या माणसांत असताना कळली आणि दुःखाने त्या वेड्यापिशा झाल्या. सव्वीस वर्षांची ती स्त्री, पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, समाजाच्या दृष्टीने मेल्याहून मेलेला. साडेचार-पाच वर्षे हा वियोग चालला. त्यांतील बराच काळ लक्ष्मीबाई पंढरपुरी होत्या. टिळकांची पत्रे येत, कधी आर्जवाची, कधी रागाची.

टिळकांनी ख्रिस्ताच्या पायी स्वतःला वाहिले त्याच दिवशी त्यांनी ह्या दोन जीवांना रस्त्यावर आणले, ह्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. आमचे मत विचाराल तर पहिलीने दुसरीची भरपाई होत नाही. देवाने त्यांच्या हातून पुढे पुष्कळ करून घेतले, ही ख्रिस्ती माणसाची श्रद्धा असू शकते. पण लक्ष्मीबाईंची ती वर्षे त्या हिशेबात वजा टाकता येत नाहीत. आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना त्यांनी ती वजा टाकलेलीही नाहीत. ती वर्षे हसतहसत सांगितली आहेत, पण सगळी सांगितली आहेत.

अखेर दोघे पुन्हा अहमदनगरात एकत्र आले. लक्ष्मीबाई आल्या त्या ख्रिस्ती होण्यास नव्हे, नवऱ्याकडे म्हणून. वेगळे बिऱ्हाड, वेगळी चूल, वेगळे पाणी, सारे सोवळे शाबूत. टिळकांनी ह्या वेळी जबरदस्ती केली नाही, आणि आम्हांस वाटते की त्यांच्या सबंध वैवाहिक जीवनातील ही त्यांची सर्वांत मोठी कमाई. आजूबाजूला सर्व जातींची ख्रिस्ती माणसे वावरत होती. त्यांना पाहता पाहता लक्ष्मीबाईंच्या मनात एक सरळ प्रश्न उभा राहिला : पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या हे डोळ्यांना दिसते, माणसामाणसांतील भेद कोणत्या खुणेने ओळखावा? खूण काही सापडेना. तेव्हा त्यांनी एका निश्चयाने सोवळे सोडले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सुरुवात केली. पंक्तीतून उठलेल्या पेत्राला जे शिकवावे लागले ते ही न शिकलेली बाई स्वतःच्या विचाराने शिकली. 1900 साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

नगरची ती वर्षे टिळकांच्या आयुष्यातील भरघोस वर्षे होत. धर्मशिक्षणाच्या पाठशाळेत त्यांनी अध्यापन केले. 1904 साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. 1842 पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांनी 1912 पासून अखेरपर्यंत केले. तत्पूर्वीची मराठी ख्रिस्ती उपासना म्हणजे बव्हंशी इंग्रजी चालीवर बसविलेली भाषांतरित गीते. टिळकांनी तिला अभंग दिला, ओवी दिली, टाळमृदंग दिला. तुकारामाच्या वाटेवरून चालत आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते मानीत, आणि ती वाट मोडून टाकण्यास ते तयार नव्हते. ‘अभंगांजली’तील त्यांचे अभंग वाचणाऱ्याला वारकरी परंपरेचाच सूर ऐकू येतो. ‘उपासनासंगीता’तील त्यांची गीते मराठी ख्रिस्ती देवळांतून आजही गाइली जातात. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’ ही काव्ये, ‘प्रियकर हिंदिस्तान’ ही देशभक्तीची कविता ह्याच माणसाची. ख्रिस्ती झाला म्हणजे देशाला मुकला, ह्या समजुतीला त्यांनी लेखणीने उत्तर दिले. त्यांच्या ओळखीचे मिशनरी डॉ. जस्टिन ॲबट ह्यांनी तर पुढे महाराष्ट्रातील संतकवींचे इंग्रजीत भाषांतर करण्यास आपले उत्तरायुष्य वाहिले.

घर म्हणाल तर ती धर्मशाळा होती. अनाथ पोरे, आंधळे, भुकेले, जो कोणी टिळकांना रस्त्यात भेटे तो घरी येई. 1907 सालच्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला आणि बालकवी ही पदवी मिळालेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा मुलगाही पुढे ह्याच घरात राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोराप्रमाणे वागविले. प्लेगच्या साथीत, जेथे सख्खी माणसे पळत, तेथे लक्ष्मीबाई रोग्यांच्या शुश्रूषेस गेल्या. आणि टिळक? टिळक तसेच होते. बाप्तिस्म्याने त्यांचा संताप धुऊन निघाला नाही. मिशनच्या मंडळींशी खटके उडत, पगार महिना संपण्याच्या पुष्कळ आधी संपे, ठरविलेला बेत रातोरात बदले. पश्चात्ताप मात्र रागाइतकाच त्वरित होई. ह्या माणसावर रागावणे सोपे आणि रागावून राहणे कठीण, असा अनुभव लक्ष्मीबाईंच्या प्रत्येक पानावर येतो.

आम्हांला तर असे दिसते की, त्यांचा दोष आणि त्यांचे सामर्थ्य ही एकाच मुळाची दोन फळे होती. ज्या अस्वस्थपणाने त्यांनी घर वारंवार मोडले, त्याच अस्वस्थपणाने त्यांना मिशनच्या सुरक्षित चाकोरीत स्वस्थ बसू दिले नाही. 1917 साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास जाऊन संन्यस्त वृत्तीने राहावयास लागले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सारे एका बंधुत्वात यावेत, परदेशी पैशावर व परदेशी रीतीवर अवलंबून नसलेला देशी भक्तसमाज उभा राहावा, अशी ती कल्पना. पदरी पैसा नाही, हाताशी माणसे थोडी, आणि संघटना चालविण्याचा पिंडच नाही. लक्ष्मीबाईंनी ह्या नव्या संन्यासाकडे काय नजरेने पाहिले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. संन्यासी झाला तरी त्याला जेवावयास लागते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. पुढे शरीर साथ देईनासे झाले. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. बालकवी एक वर्ष आधी रेल्वेच्या अपघातात गेले होते. दरबार टिळकांमागे टिकला नाही.

त्यांचे मोठे काव्यही अपुरेच राहिले होते. येशूचे चरित्र मराठी वळणाने गावे म्हणून 1909 साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. सुरुवातीचे दहाएक अध्याय झाले आणि इतर अनेक कामांप्रमाणे तेही बाजूला पडले. टिळकांच्या स्वभावाचा पाढा वाचणाऱ्याला ह्यात आश्चर्य वाटणार नाही.

आश्चर्य पुढे आहे. वैधव्यानंतर लक्ष्मीबाईंना पोटापाण्यासाठी नाना कामे करावी लागली. काही काळ मुलाबरोबर कराचीसही राहावे लागले. मराठी मुलखापासून दूर संसार थाटण्याचे कष्ट त्यांनाही ठाऊक होते. अशा स्थितीत, जोडाक्षरांशी जन्मभर झगडलेल्या ह्या बाईने नवऱ्याचे अर्धवट टाकलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि त्याला आपले चौसष्ट अध्याय जोडले. टिळकांनी लहर लागली तेव्हा शिकविलेली आणि लहर गेली तेव्हा टाकून दिलेली ती पाटी अशी कामी आली. त्याच काळात मुलाच्या, देवदत्त नारायण टिळकांच्या प्रोत्साहनाने ‘स्मृतिचित्रे’ही लिहून होत होती. 1933 साली नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. ज्या नागपुराहून टिळक चाळीस वर्षांपूर्वी राजनांदगावच्या गाडीत बसले होते, तेच हे नागपूर. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई गेल्या. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग तेव्हा पुरा झाला नव्हता. तो तसाच, अपुरा, त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला.